वयाची बेरीज

वय कमी पडलं म्हणून संघातून वगळला गेलेला महाड तालुक्यातला मी बहुधा पहिलाच माणूस. वय काही कोवळं नव्हे, अठ्ठावन्न. पण मास्टर्स जलतरणाचा, म्हणजे पंचविशी गाठलेल्यांच्या पोहण्याचा, हिशेबच उलटा. एकेकट्याचे गट पाच-पाच वर्षांचे असतात. रिलेत मात्र चौघांच्या वयांची बेरीज करतात. २०० ते २३९ एक गट, २४० ते २७९ त्याच्या वरचा. आमची बेरीज भरली २३९. म्हणजे पन्नाशीतल्या धडधाकट गड्यांच्या गटात आम्ही सगळ्यांत म्हातारे. एकच वर्ष जास्त असतं, तर वरच्या गटात आम्हीच पोरं! त्या एका वर्षापायी माझा बळी गेला आणि भरपाई म्हणून मला व्यवस्थापक केलं. व्यवस्थापक म्हणजे वेळापत्रक बघणारा, खोल्या धरणारा आणि दोन्हींबद्दल बोलणी खाणारा.

पहिलं काम वयाच्या दाखल्यांचं. स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला जे वय भरतं ते धरायचं, असा नियम. नियम साधा आहे, पण तो करणारा आमच्याकडच्या शाळेत गेला नसावा. आमच्या पिढीत निम्मा वर्ग १ जूनला जन्मला. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला धरून आणायचा, गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे आणि कान हाताला लागला की मागची सहा वर्षं मोजून १ जून टाकून मोकळे व्हायचे. जो शाळेत गेलाच नाही, त्याच्या आधार कार्डावर १ जानेवारी.

आमच्या संघातल्या, पोलादपूरच्या भाऊंची आई सांगायची, हा कोयनेच्या भूकंपाला झाला. म्हणजे ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. दाखल्यावर मात्र १ जून १९६५. भाऊंचा हात लहानपणापासून लांब, त्याचा हा परिणाम. सरकारी नोकरीतून ते ३१ मे २०२३ ला निवृत्त झाले आणि बुडालेल्या अडीच वर्षांच्या पगारापायी गुरुजींच्या नावाने रोज बोटं मोडत होते. आता साठ ते चौसष्टच्या गटात आपण खरे अठ्ठावन्नचे उतरणार हे ध्यानात आल्यावर त्यांनी गुरुजींच्या फोटोची चौकशी सुरू केली. हार घालायला.

मग माझ्या जागी म्हातारा शोधायला निघालो. ‘पोहणारा म्हातारा आहे का?’ असं महाडच्या बाजारपेठेत विचारत फिरलं की लोक आधी तुमच्याकडे बघतात, मग चहा सांगतात. शेवटी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीकाठच्या एका वाडीत आबा सापडले. आधारप्रमाणे एकाहत्तर. लहानपणी पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून डोहात ढकललेले, ते अजून बाहेर यायला तयार नाहीत. मुंडी पाण्याबाहेर ठेवून, आजूबाजूचं सगळं बघत पोहतात. फ्रीस्टाइलमध्ये हेही चालतं.

मी त्यांना स्पर्धा समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “टाकीत मगरी हायत का?” खाली महाडला सावित्रीत मगरी आहेत, ऊन खात काठावर पडलेल्या दिसतात, त्यामुळे प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

“नाहीत, आबा.”

“मग येवढी घाई कशापायी करायची?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्जात ‘पन्नास मीटरची वेळ’ असा रकाना होता. तर म्हणाले, “खाली जाताना, का वर येताना?” प्रवाह नसलेलं पाणी त्यांच्या लेखी पाणीच नव्हतं. ठोकळ्यावरून सूर मारणार नाही, हेही त्यांनी बजावलं. नियमांचं पुस्तक उघडलं तर मास्टर्सला पाण्यात उतरून, भिंतीला पाय लावून सुरुवात करायची मुभा निघाली. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी कुणीतरी आबा असणार.

स्पर्धेचं वेळापत्रक आलं आणि मला आयोजकांची दया आली. मास्टर्सला प्राथमिक फेरी, अंतिम फेरी असलं काही नसतं. सगळ्यांच्या वेळा मांडून हीट्स पाडायच्या, संथ आधी, वेगवान शेवटी. तरण्यांच्या स्पर्धेत शर्यत किती मिनिटांत आटपेल हे सांगता येतं. इथे? २०१५ मध्ये जपानच्या मात्सुयामा शहरात मिएको नागाओका या शंभर वर्षांच्या बाई पंधराशे मीटर पोहल्या. वेळ लागला एक तास, पंधरा मिनिटं, चोपन्न सेकंद. ऐंशीच्या पुढे, गुडघा दुखतो म्हणून त्या पोहायला लागल्या होत्या. जग त्यांना सलाम करतं, मीही करतो. पण त्या दिवशी ‘पुढची शर्यत अकरा वाजता’ असं लिहून बसलेल्या माणसाला कुणी पाणी तरी विचारलं असेल का?

आमचं वेळापत्रक स्पर्धेचं कमी आणि औषधांचं जास्त. एकाची साखरेची गोळी न्याहारीआधी, एकाची रक्तदाबाची नंतर, वॉर्म-अप सातला. रिले शनिवारी दुपारी, आणि त्या वेळी भाऊ जन्मात जागे राहिलेले नाहीत.

मुक्कामाची खोली हे प्रकरण मात्र शर्यतीपेक्षा अवघड. स्पर्धा पुण्याला. तलावाजवळ लॉज बघितला. गुडघे म्हणतात तळमजला हवा. बटरफ्लाय दोनशे मीटर मारणारा माणूस जिना चढताना कठड्याला धरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण महाडकर तळमजल्यावर झोपत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात ज्यांनी रात्र माळ्यावर काढली, त्यांना तळमजला दाखवला की ते आधी भिंतीवर पाण्याची खूण शोधतात. “पुण्यात कुठली आलीय सावित्री?” म्हटलं तर संघातले वकीलसाहेब म्हणाले, “मुठा आहे ना!” इकडे पोलादपूरचे भाऊ खिडकी उघडून मागे टेकडी आहे का ते बघणार. त्याच पावसात त्यांच्याकडे दरडी आल्या होत्या. मग अशी खोली धरायची की पाणी चढू नये, डोंगर दिसू नये, लिफ्ट असावी आणि संडासात कमोड असावा. मिळाली. भाडं सांगत नाही, घरात अजून कळलेलं नाही.

खोली एक, माणसं पाच, संडास एक. तिथे हीट्स पाडाव्या लागल्या. स्पर्धेतला संथ-आधीचा नियम इथे लावला आणि पहिल्याच सकाळी वॉर्म-अप बुडता बुडता वाचला. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला. आबा तेवढे गटाबाहेर ठेवले, कारण ते चारलाच उठून सगळं उरकून, लॉजच्या पायरीवर बसून रखवालदाराशी भातशेतीवर बोलत असायचे.

पुण्याला जायचं कुठून, यावर वाडवडिलांपासूनचं भांडण झालं. भाऊंना आंबेनळीतून महाबळेश्वरवरून, वकीलसाहेबांना वरंधातून. वरंध बंद की चालू हे घाटालाच ठाऊक, म्हणून गेलो ताम्हिणीने, आणि दोन्ही पक्ष सारखेच नाराज राहिले. व्यवस्थापकाला याहून जास्त यश मागता येत नाही.

रिलेत आबा तिसरे. शिडीने उतरले, पाण्याला बोटं लावून कपाळाला लावली आणि टोपी नीट केली. आमचा दुसरा गडी धापा टाकत येऊन भिंतीला टेकला, तेव्हा त्यांनी आधी त्याला विचारलं, “दमलास का?” मग निघाले. मुंडी वर, नजर चौफेर. मधेच काठावरच्या पंचांना ओळखीचं हसले. शेजारच्या लेनमधला माणूस पुढे गेला, तर त्याला वाट दिल्यासारखे जरा बाजूला सरकले. बाद झालो नाही. बेरीज २५२, क्रमांक शेवटून दुसरा.

परतताना ताम्हिणीत भजी खायला थांबलो. पुढचा गट २८० चा, असं वकीलसाहेब सहज बोलून गेले. आबांनी बशीतला चहा संपवला.

“माझा थोरला भाव हाय. माझ्यापरास बरा पवतो. पर लावणी सोडून यायचा न्हाय.”

“स्पर्धा पावसाळ्यानंतर असते, आबा.”

“मग यील. पर संडासाला त्याचा नंबर पयला लावा. त्याला लय येळ लागतो.”