संगणकावरचं फडकं काढा

वडखळ सोडून मुंबई-गोवा महामार्गाने नागोठण्याकडे निघालं की वाटेत गडब लागतं. इथल्या मुलीला अकरावीला जायचं तर पूर्वी कॉलेजात जाऊन अर्ज आणायचा, भरायचा, खिडकीत द्यायचा. 2025 पासून सगळ्या राज्याची अकरावी ऑनलाइन झाली. 21 मेला नोंदणी सुरू व्हायची होती, संकेतस्थळच बसलं, शेवटी 26 मेला गाडी हलली. त्याच वर्षी सप्टेंबरात लाडक्या बहिणींची ई-केवायसी निघाली. डिजिटल सहीचा सातबारा तर 2018 पासून ऑनलाइन आहेच. त्याची सरकारी फी 15 रुपये, दुकानातून काढला की वर दुकानदाराची मजुरी.

म्हणजे घरात संगणक नसलेल्या माणसाने जायचं कुठे? नेटवाल्याच्या दुकानात.

अकरावीच्या त्या दिवसांत या जिल्ह्यातल्याच एका दुकानात मी बसलो होतो. एका मुलीचा अर्ज चालला होता. वडील कामावर, मोबाइल त्यांच्याजवळ. ओटीपी यायचा कुठे? दुकानदाराने आपला नंबर टाकून दिला. मागे दहा माणसं उभी, त्याला तरी वेळ कुठला! पण पुढच्या फेरीचा निरोप आता त्याच्या मोबाइलवर येणार, आणि मुलगी रोज विचारायला येणार. पडद्यावर ‘डाउनलोड’चा फोल्डर उघडाच होता. आधार, पासबुक, जातीचा दाखला, एकेका घराची सगळी कागदपत्रं नावानिशी तिथे पडलेली. येणारा-जाणारा वाचू शकेल अशी.

त्याच गावात वाचनालय आहे आणि वाचनालयात संगणकही आहे. त्यावर शिवून घेतलेलं फडकं, फडक्यावर दसऱ्याला वाहिलेलं झेंडूचं फूल वाळून गेलेलं. आधी संध्याकाळी मुलं तिथे बसायची. मग पाटी लागली: ‘फक्त कार्यालयीन कामासाठी’. कारणं मला सांगितली गेली. कुणी व्हायरस आणला, विजेचं बिल वाढलं, लक्ष ठेवायला माणूस नाही.

माणूस नाही हे कारण खरं आहे. 2022 साली अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तेव्हा ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचं वर्षाचं अनुदान 30 हजारांवरून 48 हजारांवर गेलं. त्यातलं निम्मं पगाराला, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये. एवढ्या पैशात वाचनालय उघडं ठेवणाऱ्या माणसावर मी बोट ठेवणार नाही. सरकारने प्रत्येक सेवा ऑनलाइन नेली, तर ती वापरू देणाऱ्या वाचनालयाला त्यासाठी वेगळे पैसे द्यायलाच हवेत.

पण म्हणून संगणक झाकून ठेवणं मला अजिबात पटत नाही. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. तो निकाल अपंग आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांच्या केवायसीबद्दल होता, पण ग्रामीण भागातल्या लोकांचा उल्लेखही न्यायालयाने केला आहे.

संगणक उघडायला फार काही लागत नाही. संध्याकाळचे दोन तास, माणशी अर्धा तास. नाव आणि ओळखपत्राची नोंद वहीत. सायबर कॅफेंना 2011 च्या नियमांनी अशी नोंद वर्षभर ठेवावीच लागते, वाचनालयानेही ठेवावी. पाहुण्यांसाठी वेगळं खातं, आणि उठताना आपल्या फायली पुसून जायचं. छपाईचे पैसे खर्चापुरते. मांडणी अशी, की पडद्याकडे मागच्याची नजर जाणार नाही. मुलीबाळी आणि बायका एवढ्यावरच निर्धास्त बसतील. अर्ज भरता न येणाऱ्याच्या शेजारी बारावीचा एखादा मुलगा बसला तरी काम होतं. अट एकच, नंबर अर्जदाराच्या घरचाच टाकायचा.

गडब असो, पेण असो नाहीतर रोहा, तुम्ही वाचनालयाचे सभासद असाल तर वार्षिक सभेला जा. संगणक वाचकांसाठी कधी उघडा असतो, ते विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. हे काम मे महिन्याच्या आत करा, कारण दहावीचा निकाल मेमध्ये लागतो.