लडाखकर

मेंटेनन्सच्या पावतीवर त्यांचं आडनाव वेगळं आहे, पण ते सेक्रेटरीखेरीज कुणाला आठवत नाही. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरून, तिच्यावर पाने चढत्या नंबराने मांडून जे गृहस्थ उकिडवे बसलेले दिसतात, ते लडाखकर. पुण्यात असे लडाखकर गल्लोगल्ली सापडतात. आमचे त्यातले अस्सल, कारण ते खरोखर लडाखला जाऊन आले आहेत. बाकीच्यांचं अजून सामान बसवणंच चालू आहे.

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन, २०१६ची, ४११ सीसी, कार्बोरेटरवाली. पुढच्याच वर्षी कंपनीने तिला फ्युएल इंजेक्शन दिलं. "काका, तुमचं मॉडेल जुनं झालं," असं ए विंगमधल्या एका पोराने म्हटलं, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं. "इंजेक्शन रुसलं तर घाटात तू काय करशील? लॅपटॉप उघडशील?" कार्बोरेटर रुसला तर ते स्वतः काय करतील, हे कुणी विचारत नाही. तो रुसलेला नसतानाही ते तेच करत असतात.

चेन हा नित्यनेम. दर पाचशे किलोमीटरला ती रॉकेलने धुतली जाते. हे रॉकेल हल्ली कुठून येतं हे वहिनींनाही ठाऊक नाही; घरातले टूथब्रश कुठे जातात हे मात्र ठाऊक आहे. पेट्रोलने धुतली तर कड्यांमधल्या ओ-रिंग खराब होतात, हे आमच्या इमारतीतल्या तिसरीतल्या मुलांनाही पाढ्यांआधी पाठ झालंय. मग नव्वद नंबरचं ऑइल, आणि मग 'प्ले'. चेन बोटाने खालून उचलायची आणि किती हलते ते स्टीलच्या पट्टीवर बघायचं.

इथे माझी गरज लागते. या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन चांगलंच खालीवर होतं, आणि वजन पडलं की चेन ताणली जाते. तेव्हा माप वजनासकट बघितलेलं बरं, असं त्यांचं मत. "अहो, जरा बसता का? पाय वर घ्या. आता श्वास घेऊ नका." ते स्वतः आणि एक भरलेली पेटी मिळून जेवढं वजन होतं तेवढं माझं एकट्याचं आहे, हे त्यांनी मला न विचारता ठरवलंय. दिवाळीनंतर मात्र ते माप त्यांनी पुन्हा घेतलं.

पगार झाला की नाना पेठ. तिथून बॅश प्लेट येते, हँडगार्ड येतात, हँडल रायझर येतात, पेट्यांचे स्टँड येतात. प्रत्येक बोल्टला निळं लॉकटाइट. लाल चुकूनही नाही, कारण लाल लावलेला बोल्ट पुढच्या जन्मीच सुटतो. मग टॉर्क रेंचचा 'कट्' आवाज, आणि शेवटी बोल्टपासून खालच्या पत्र्यापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, बोल्ट हलला. युक्ती पक्क्या मेकॅनिकची आहे, नेलपॉलिश वहिनींचं. लग्नाकार्याला निघताना बाटली सापडत नाही तेव्हा त्या सरळ टूलबॉक्स उघडतात.

जाण्याआधी पंक्चरची तालीम झाली. आरीची चाकं, म्हणजे आत ट्यूब आली. टायर आडवा टाकून त्याच्या कडेवर शेजारच्या गाडीचं साइड स्टँड दाबायचं आणि कडा रिमपासून सोडवायची. गाडी माझी होती. दोन लोखंडी लिव्हर, ट्यूबला टाल्कम पावडर, हातात घड्याळ घेतलेला वॉचमन. सगळं कसं चोख! आणि अख्ख्या लडाखमध्ये गाडी एकदाही पंक्चर झाली नाही. हे शल्य अजून आहे.

परतल्यावर सोसायटीला टीव्हीवर फोटो दाखवायचा कार्यक्रम झाला. पहिला फोटो चेनचा. दुसरा बॅश प्लेटवरच्या पोच्याचा, तोही दोन बाजूंनी. तिसऱ्यात सायलेन्सरच्या मागे काहीतरी निळंशार दिसत होतं. ते पँगाँग. खारदुंग ला इथे इतर लोक पाटीपाशी उभे राहतात. ह्यांनी पाटीवरच्या १८,३८० फुटांचा हिशोब चुकीचा असून खिंड प्रत्यक्षात ५,३५९ मीटरवर आहे, एवढं सांगून पुढचा फोटो लावला. खाली हुंडरला सगळे दोन वशिंडांचे उंट बघायला गेले, तेव्हा हे इंजिन गार व्हायची वाट बघत बसले होते. मग प्लग काढला. उंचीवर हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, त्यामुळे मिश्रण 'रिच' होतं आणि प्लगवर काजळी धरते. धरली होती! तो काळा प्लग आता शोकेसमध्ये, सुनेने आणलेल्या ताजमहालाशेजारी आहे.

सध्या उमलिंग ला डोक्यात आहे. तो रस्ता २०२१मध्ये पुरा झाला, उंची ५,७९८ मीटर. म्हणजे मेन जेट लहान लागणार. परवा त्याच खटपटीत होते. मी नेहमीप्रमाणे पाय वर घेऊन गाडीवर, मांडीवर आमचंच दळण, कारण या खेपेला एक जेरीकॅन जास्त आहे. तेवढ्यात वहिनी स्कूटर ढकलत आल्या.

"अहो, मागचा ब्रेक किती किंचाळतोय, जरा बघता का?"

लडाखकरांनी पट्टीवरची नजरही काढली नाही. "कोपऱ्यावरच्या गॅरेजला टाक. स्कूटरमधलं मला काही कळत नाही."