झीलकऱ्याचा सोलो

माणसाने कित्ता कोणाचा गिरवावा याला काही ताळतंत्र असावं, असं आमच्या घरात मला अधूनमधून ऐकवलं जातं. मी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळातला झीलकरी. बुवांनी चरण म्हटला की तो मागून ओढायचा, टाळ कुटायचे, आणि गजराच्या वेळी तोंड एवढं उघडायचं की लांब बसलेल्यांना आवाजही तेवढाच मोठा असेल असं वाटावं, हे माझं सगळं सांगीतिक कर्तृत्व. कित्ता गिरवायला मी निवडला ब्रूस डिकिन्सन.

हा गृहस्थ आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचा गायक. १९८१ साली आला, पुढच्याच वर्षी ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ निघाला आणि बँडचं नाव जगभर झालं. कपाळाला देवपूजेचं गंध, खांद्याला डब्याची पिशवी आणि कानात हा माणूस ठणाणा करतोय, अशा थाटात मी वर्षानुवर्षं सकाळची फास्ट लोकल पकडत आलो. माझ्या मानेचे हिसके पाहून शेजारच्याने एकदा कळवळून विचारलं, “स्पॉन्डिलायटिस का?” मी हो म्हणालो.

तर १९९३ साली, वयाच्या पस्तिशीत, सगळं बरं चाललेलं असताना डिकिन्सनने बँड सोडला. निरोपाचा कार्यक्रमही कसा, तर २८ ऑगस्टला, कॅमेऱ्यांसमोर, आणि त्यात सायमन ड्रेक नावाच्या जादूगाराने त्याला आतून खिळे असलेल्या लोखंडी पेटीत घालून ठार मारल्याचं नाटक केलं. बँडचं नाव ज्या छळयंत्रावरून पडलं तीच ही पेटी. हे सगळं वाचून माझ्यातल्या कलावंताने उचल खाल्ली. गुरुवारी आरती झाली, बुवा प्रसादाचे पेढे मोजत होते, मी घसा खाकरून म्हणालो, “बुवा, मी आता मंडळ सोडून स्वतंत्र गायचं म्हणतोय.”

“बरं,” बुवा म्हणाले. “जाताना पंखा बंद करा.”

डिकिन्सनलाही सुरुवातीला वाट सापडत नव्हतीच, हा माझा त्या दिवसांतला मोठा आधार. तसा त्याचा पहिला सोलो अल्बम ‘टॅटूड मिलियनेअर’ १९९० चा, पण तेव्हा तो बँडमध्येच होता. ती नोकरी सांभाळून केलेली हौस. (त्यात गिटार वाजवणाऱ्या जॅनिक गेर्सला मेडनने लगोलग आपल्यात घेतलं, हे वेगळंच.) खरी परीक्षा बाहेर पडल्यावरची. ‘बॉल्स टू पिकासो’ करताना त्याने आधीचं रेकॉर्डिंग मनासारखं होईना म्हणून बाजूला टाकलं, पुन्हा नव्याने मांडलं, आणि शेवटी लॉस एंजेलिसच्या रॉय झी नावाच्या गिटारवाल्याशी सूर जुळल्यावर १९९४ मध्ये तो अल्बम बाहेर आला. स्पष्ट सांगायचं तर तो मी एका गाण्यासाठी ऐकतो. ‘टिअर्स ऑफ द ड्रॅगन’. गिटारची हळुवार सुरुवात, मग आवाज चढत चढत छताला, आणि मध्येच, कोणी मागितलेला नसताना, रेगेचा ठेका. हा ठेका पुढे माझ्या मुळावर आला.

रियाजाला जागा नव्हती. घरात परवानगी नाही, गच्चीला कुलूप. उरली आमची गाडी. ती मी हौसेने घेतली आणि चालवायच्या धास्तीने झाकण घालून पार्किंगमध्ये उभी केली, ती उभीच. झाकण अर्धं वर करून आत शिरायचं, काचा लावायच्या आणि तार सप्तकात सूर लावायचा. पहिल्याच रात्री काचांवर वाफ धरली, चष्म्यावरही धरली, आणि कोणीतरी काच ठोठावत असल्याचं मला बऱ्याच वेळाने कळलं. वॉचमन होता. ॲम्ब्युलन्स बोलवू का, असं विचारत होता.

१९९४ च्या डिसेंबरात डिकिन्सन काय करत होता? सारायेवोला वेढा पडलेला, डोंगरांवरून तोफा आणि नेमबाज, आणि हा आपल्या नव्या बँडमधल्या पोरांना घेऊन मदतसामानाच्या ट्रकमधून, अंधारात, डोंगररस्त्याने शहरात शिरला आणि गाऊन आला. इतक्या वर्षांनंतरही तिथले लोक त्या रात्रीबद्दल बोलतात. त्यावर माहितीपटही निघाला आहे. माझी कल्याणला एका तबलजीकडे तालीम ठरली होती. पावसाची भुरभुर होती म्हणून मी गेलो नाही.

त्याच पोरांबरोबर त्याने १९९६ ला ‘स्कंकवर्क्स’ केला. केस कापून टाकले, निर्माता म्हणून निर्वाणा या बँडचा पहिला अल्बम रेकॉर्ड करणारा जॅक एंडिनो आणला, आणि बँडला स्वतःचं नाव नको, स्कंकवर्क्स एवढंच म्हणा, असा हट्ट धरला. कंपनीने ऐकलं नाही; नाव त्याचंच छापलं. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली, मला मात्र तो अल्बम आवडतो. माझी अडचण उलटी होती. गणेशोत्सवातल्या माझ्या कार्यक्रमाच्या फलकावर आपलं नाव ठळक यावं म्हणून मी सेक्रेटरींना दोनदा चहा पाजला. फलकावर आलं, ‘सायंकाळी सात : स्थानिक कलाकार’.

कार्यक्रमाबद्दल थोडक्यात सांगतो. तो झालाही थोडक्यात. पेटीवाले काका म्हणाले, “पट्टी कोणती?” मी ऐटीत म्हणालो, “काळी चार,” आणि घाबरून सुरू केलं भलतीकडूनच. काका पट्ट्यांवर बोटं नाचवत मला शोधत राहिले. समोरच्या सतरंजीवरची पोरं कानात बोटं घालून मोठ्या उत्सुकतेने बघत होती. तरीही मी नेटाने अभंगाच्या मध्यावर पोचलो आणि ठरल्याप्रमाणे, डिकिन्सनचं स्मरण करून, ठेका बदलण्यासाठी थांबलो. तबलजीला हे सांगायचं राहून गेलं होतं. त्याला वाटलं झालं, त्याने तिहाई मारली, लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या, आणि सेक्रेटरींनी माइक घेऊन जाहीर केलं, “यानंतर लहान गटाची फॅन्सी ड्रेस स्पर्धा.”

मी विंगेत टोमॅटो झालेल्या एका मुलाशेजारी उभा राहिलो.

डिकिन्सनला गाडी रुळावर आणायला रॉय झी पुन्हा भेटला, आणि मेडनमधला जुना गिटारवाला सोबती एड्रियन स्मिथही. १९९७ चा ‘ॲक्सिडेंट ऑफ बर्थ’ म्हणजे पोरगं घरच्या वळणावर आल्यासारखा. मेडनच्या मुखपृष्ठांवरच्या एडी या भुताचा चित्रकार डेरेक रिग्ज याने मुखपृष्ठासाठी एक बाहुला काढून दिला, त्याचं नाव एडिसन. पण खरा कळस ‘द केमिकल वेडिंग’, १९९८. विल्यम ब्लेक हा इंग्लिश कवी आणि चित्रकार त्यात मुरलेला, मुखपृष्ठावर ब्लेकने काढलेलं पिसूचं भूत, आणि गिटारी अशा जाड की आमच्या फडताळातल्या वाट्या बोलायला लागतात. माझ्या मते या माणसाने बँडसकट आणि बँडविना जे काही केलं त्यात हे पहिल्या रांगेत बसतं. बायकोने मुखपृष्ठ पाहिलं आणि म्हणाली, “अहो, हे देवघराच्या खोलीत ठेवू नका.”

मागे राहिलेल्या मेडनचं तोवर फारसं बरं चाललं नव्हतं. डिकिन्सनच्या जागी ब्लेझ बेलीला घेऊन दोन अल्बम निघाले, पण सभागृहं लहान होत गेली. आमच्या मंडळाने माझ्या जागी बी विंगमधले एक निवृत्त पोस्टमास्तर घेतले. मंडळ तालुक्याच्या स्पर्धेत पहिलं आलं.

१९९९ मध्ये मेडनने डिकिन्सनला परत बोलावलं, स्मिथलाही बोलावलं, आणि गेर्सलाही काढलं नाही, म्हणून तेव्हापासून तिथे तीन गिटारवाले आहेत. या औदार्याचा दाखला देत मी एका गुरुवारी बुवांपुढे उभा राहिलो. डिकिन्सनने नंतरही सोलो सोडलं नाही, २००५ ला एक अल्बम, २०२४ ला ‘द मँड्रेक प्रोजेक्ट’, असं सगळं सांगितलं. बुवांनी पान जुळवत शांतपणे ऐकून घेतलं.

“मंडळ सोडलं तेव्हा मग पोटापाण्याचं काय केलंन त्याने?”

“पुढे वैमानिक झाला, बुवा. २००८ साली बोइंगमध्ये अख्खा बँड आणि सामान घालून स्वतः मुंबईला घेऊन आला, बीकेसीत गायला आणि पुढच्या गावी गेला.”

बुवांनी पान तोंडात टाकलं. “आणि तुमची गाडी अजून झाकणाखालीच ना?”

“हो.”

“मग त्या टोकाची सतरंजी धरा.”