टाच मोकळी

आमच्याकडे बूट नेहमी पुढच्या वर्षाचे घ्यायचे. जूनमध्ये शाळेच्या बुटात आई पुढून कापूस कोंबायची. पाय वाढून कापूस निघेपर्यंत तळ उसवलेला असे. हे संस्कार घेऊन मी निवृत्तीनंतर ऑस्लोला लेकीकडे गेलो आणि स्कीच्या बुटांच्या दुकानात उभा राहिलो.

नॉर्वेत म्हणतात, इथलं पोर पायात स्की घालूनच जन्माला येतं. मी सदाशिव पेठेत जन्मलो, अनवाणी.

"डोंगरावरून घसरायचं नाहीये बाबा, रानातून चालायचंय," लेक म्हणाली. या प्रकारात बुटाचं फक्त पुढचं टोक स्कीला अडकतं, टाच मोकळी. म्हणजे चप्पलच की! उभा जन्म टाच फटफटवण्यात गेलेला. मला भलताच हुरूप आला. पण दुकानातल्या मुलीनं तो तिथंच उतरवला. टाच स्कीवरून उचलायची, बुटात नाही. बुटात हलली की फोड आलाच.

मी सवयीनं एक नंबर मोठा मागितला, वर मोज्यांचे दोन जोड. तिनं एक जोड काढायला लावला. मोज्यावर मोजा घासतो म्हणे. मग मला उभं करून बोटं पुढे टेकत नाहीत ना, ते अंगठ्यानं दाबून पाहिलं. 42 नंबर बसला. कापसाला जागाच नाही. आई असती तर दुकानातून उठून आली असती.

त्यातही दोन जाती. यंत्रानं बर्फात पाडलेल्या चऱ्यांमधून चालायचं तर क्लासिक, तळवा वाकणारा. फाकत फाकत पळायचं तर स्केटिंगचा, घोट्यावर ताठ पट्टा असलेला. मला दुसरा आवडला, कारण दणकट दिसत होता. लेकीनं तो हातातून काढून घेतला.

पैसे दिले, रुपयांत गुणाकार केला, थोडा वेळ बाकावर बसलो.

स्की शेजारच्या आजोबांनी फुकट दिल्या होत्या. प्रत्येक स्कीवर तीन खिळे वर आलेले. हा 'रोट्टेफेल्ला', म्हणजे उंदरांचा सापळा. 1927 सालची युक्ती. त्याला पुढे चोच आणि चोचीखाली तीन भोकं असलेला बूट लागतो. माझ्या बुटाला चोच नाही, भोकंही नाहीत. टोकाखाली एक आडवी पोलादी काडी तेवढी आहे.

बूट अजून लेकीच्या गॅलरीत आहेत, कोरे करकरीत. कुणा वाचकाचा पाय 42 चा असेल तर कळवा. मोज्यांचा एकच जोड घालून या.