गंगापुरात समुद्र पाळू इच्छिणाऱ्यांसाठी

सर्जनफिश पाळायचा तर आधी समुद्र पाळावा लागतो. मुंबईकरांनी 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते मरीन ड्राइव्हवर, अरबी समुद्राच्या तोंडासमोर. गंगापूरहून तोच समुद्र सरळ रेघ ओढली तरी दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. जवळचा सागर म्हणजे धरणाचा नाथसागर. त्याचा फुगवटा कायगाव टोक्यापर्यंत येतो, पण तो पडला गोडा. तरी इच्छुकांनी नाउमेद होऊ नये. पाणी साठवणे, ते जपून वापरणे आणि वीज गेली की काय करायचे हे आधीच ठरवून ठेवणे, एवढाच या छंदाचा अभ्यासक्रम आहे आणि आपला तो शाळेत जाण्यापूर्वीच पूर्ण झालेला असतो.

प्रथम मासा ओळखून घ्यावा. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना नस्तरासारखा धारदार काटा असतो, त्यावरून हे नाव. 'फाइंडिंग निमो'तली निळी डोरी याच कुळातली. दुकानात ती तळहातापेक्षा लहान असते, म्हणून मुले हट्ट धरतात. पुढे ती एक फुटापर्यंत वाढते आणि दिवसभर येरझाऱ्या घालते. तिला सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी द्यावी. त्यात सुमारे 680 लिटर पाणी मावते. काच आणि दगड धरून वजन टनाच्या घरात जाते, तेव्हा ही टाकी माळवदावर चढवू नये.

आता पाणी. टँकरचे चालत नाही आणि बोअरचे तर मुळीच नाही. त्यातले क्षार, नायट्रेट माशाला सोसत नाहीत आणि शेवाळाला मात्र मानवतात. आरओचे पाणी घेऊन पुन्हा डीआय, म्हणजे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या, गाळणीतून काढावे, टीडीएस शून्यावर आणावा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाते. ते भांड्यांना, संडासाला वापरावे, नाहीतर घरात जी सभा भरेल तिचे अध्यक्षपद आजीकडे असेल. मग लिटरला 35 ग्रॅम या हिशेबाने सागरी क्षारांचे खास मिश्रण घालावे. पहिल्या भरणीलाच सुमारे 24 किलो लागते. किराणा दुकानातले मीठ स्वस्त पडते, पण त्याने समुद्र होत नाही, लोणच्याचा खार होतो. जुहूहून ड्रम भरून आणतो म्हणणाऱ्या पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावावे.

यानंतर काही आठवडे टाकी रिकामी चालवायची. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्ती करेपर्यंत मासा सोडणे म्हणजे त्याला मारणे. या काळात गल्लीतले प्रत्येक जण येऊन विचारेल, "मासे कुठायत?" जिवाणू दाखवता येत नाहीत. पुढे मासा आला की प्रश्न बदलतो: "याला खायाचं कधी?"

जिवंत प्रवाळ मात्र आणू नये. खडक बांधणारी प्रवाळे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदोपत्री वाघाच्या पंगतीला. मातीचे भाजलेले किंवा सिमेंटचे दगड रचावेत. सर्जनफिशला दगडावरचे शेवाळ खरवडायचे असते, दगड कुणी केला याची चौकशी तो करत नाही. एरवी खायला नोरी, म्हणजे वाळवलेले समुद्री शेवाळ. ते आठवडी बाजारात मिळत नाही, कुरिअरने येते आणि मेथीच्या जुडीशी त्याची किंमत ताडून पाहणे मनःशांतीला अपायकारक.

खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर पारा चाळिशीच्या वर आणि टाकीत मात्र पंचवीस-सव्वीस अंश हवेत. त्यासाठी चिलर. तो पाण्यातली उष्णता काढून बैठकीत सोडतो, म्हणजे मासा महाबळेश्वरला आणि घरचे गंगापुरातच. वाफ होऊन फक्त पाणी उडते, मीठ खाली राहते. त्यामुळे रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरावी. वीज गेली तर पहिला इन्व्हर्टर टाकीच्या पंपाला, टीव्हीला नव्हे. तापलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि हा मासा धावपळ्या, त्याला तो जास्त लागतो.

अंगावर मिठाचे कण पडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर 'देवी आल्या' म्हणून लिंब ठेवू नये. तो परजीवी आहे, आणि या कुळावर त्याचा विशेष लोभ. उपचार तांब्याच्या औषधाचा, पण वेगळ्या टाकीत, कारण कोळंबी आणि गोगलगायींना तांबे विष ठरते. म्हणून नवा मासा थेट मुख्य टाकीत न सोडता महिनाभर वेगळा ठेवावा.

हा सारा खटाटोप पैदाशीसाठी कुणी करू नये. फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनासुद्धा निळ्या टँगची, म्हणजे आपल्या डोरीची, बंदिस्त पैदास पहिल्यांदा जमली ती 2016 साली. बाजारातले बहुतेक सर्जनफिश अजूनही समुद्रातूनच पकडलेले असतात.

नीट ठेवला तर हा मासा दहा वर्षे सहज काढतो, कधी त्याहून बरीच जास्त. तेवढ्यात घरात वाटण्या होतात. तेव्हा टाकी कुणाच्या वाट्याला, हे आधीच स्टँपपेपरवर लिहून घ्यावे. बांधावरच्या हातभर जमिनीसाठी तालुका कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे भाऊ या एका कलमावर मात्र "दादा, तूच ठेव" म्हणून मोकळे होतात.