नाकाचं कुत्रं

आबांपुढे शिकारीचा विषय काढावा लागत नाही. मोशीच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये तुमच्या हातात कोथिंबिरीची जुडी दिसली, तरी पाचव्या मजल्यापर्यंत ते लाव्यांपाशी पोचलेले असतात. "खेडची का? तिकडं भुईमुगाच्या रानात लावा असा दबून बसायचा, की पाय पडेस्तवर उडायचा नाही." लिफ्टचं दार उघडतं, तुम्ही बाहेर पडता, आणि आबा दारात पाय घालून उभे राहतात, कारण लावा अजून उडालेला नसतो.

आबांची उमेदीची वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये गेली, पण जीव चाकणच्या माळावर राहिला. वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, दोन कुत्री होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार परवान्याच्या चौकटीत आली, १९९१ च्या दुरुस्तीने तो परवानाही गेला. बंदूक दर निवडणुकीला चौकीत जमा व्हायची. एकदा जमा केली ती वडील परत आणायला गेलेच नाहीत. पुढे माळच एमआयडीसीत गेला. म्हणजे बंदूक नाही, माळ नाही, परवाना नाही, आणि मार्गदर्शन मात्र पूर्ण शाबूत. औद्योगिक पट्ट्यात अशी माणसं दर दोन सोसायट्यांमागे एक सापडतात. कुणी मोट कशी बांधावी ते सांगतो, कुणी रेड्याच्या टकरीतले डाव सांगतो. आबांचं खातं तितराचं.

त्यांची मूळ शिकवण एकच. कुत्री दोन प्रकारची: डोळ्याची आणि नाकाची. डोळ्याचं कुत्रं म्हणजे कारवानी किंवा मुधोळ. दिसलं की सुटलं. सशामागे त्याच्यासारखं दुसरं नाही. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याची जोडी थेट इंग्लंडच्या राजाला दिली, २००५ साली पोस्टाने त्याचं तिकीटही काढलं. "तिकिटावर छान दिसतं," आबा म्हणतात, "पण तितराला काय उपयोग? तितर दिसतंय कुठं?" तितर सहसा उडत नाही, गवतातून पळतं. अगदी जिवावर आलं की भर्रकन उठतं, थोडं अंतर काटून पुढच्या बाभळीत पडतं. ते हुडकायला नाक लागतं. नाकाचं कुत्रं वास लागला की जागच्या जागी थिजतं, पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ. तिथून पुढचं काम माणसाचं.

ही विभागणी आबा माणसांनाही लावतात आणि आम्हाला ती आता सवयीची झाली आहे. ब्रोशर बघून फ्लॅट घेणारा पुतण्या डोळ्याचा. बेअरिंग जळायच्या आधी नुसत्या वासावर मशीन बंद करणारा त्यांचा जुना फोरमन नाकाचा. सोसायटीचे चेअरमन डोळ्याचे. सूनबाई नाकाची, कारण खिशातली तंबाखूची पुडी तिला जिन्यातच कळते.

आता स्वतः आबांकडे जे कुत्रं आहे ते कशात बसतं, हा नाजूक विषय आहे. मुलाने वाढदिवसाला आणून दिलेला लॅब्राडोर, नाव सुभेदार, वजनाने आबांच्या निम्म्याच्या वर. लॅब्राडोर मुळात पडलेला पक्षी उचलून आणायच्या कामाचा. त्याचं तोंड मऊ असावं लागतं, नाहीतर पक्षी हातात येईपर्यंत खिमा. परीक्षा सोपी: कच्चं अंडं तोंडात देऊन चार पावलं चालवायचं, अंडं अखंड परत आलं पाहिजे. सुभेदाराची ही परीक्षा आबांनी पार्किंगमध्ये सर्वांसमक्ष घेतली. टरफलही परत आलं नाही.

रविवारी पहाटे हे दोघं म्हाळुंगे-निघोजे भागात जातात. तिथं दोन कारखान्यांच्या मधे रिकामे प्लॉट आहेत, कंपाउंडची भिंत घालून वर्षानुवर्षं तसेच पडलेले. चराई नाही, नांगर नाही, म्हणून गवत कमरेएवढं आणि तितरं खुशाल. दिवाळीनंतर एकदा आमच्या विंगमधला एक इंजिनिअर मुलगा नवीकोरी लांब लेन्स घेऊन त्यांच्याबरोबर निघाला, म्हणून मीही गेलो. रस्त्याकडेला कंटेनरची रांग, ड्रायव्हर दात घासतायत, आणि भिंतीपलीकडून तितराचं 'कितितर-कितितर' चाललेलं.

मुलगा सरळ आत घुसायला निघाला. आबांनी काठी आडवी घातली. "आधी वारा बघ." त्यांनी तळहातावरची तंबाखू मळून थापटली आणि धूळ कुठं जाते ते पाहिलं. वारा तोंडावर हवा, म्हणजे पक्ष्याचा वास कुत्र्याकडे येतो. दव असताना वास जमिनीला धरून राहतो. ऊन चढलं की संपलं, मग नुसती पायपीट. कुत्र्याला नाकासमोर चालवायचं नाही, वाऱ्याला आडवं, नागमोडी. आणि छर्‍याच्या टप्प्यात, तीस-चाळीस पावलांच्या आत. सगळं बरोबर जमलं होतं. तेवढ्यात वारा फिरला आणि कुठल्यातरी पेंट शॉपचा वास आला. सुभेदार शिंकला. आबा म्हणाले, "गेलं. आता दहा मिनिटं त्याला तितर आणि थिनर सारखंच."

सुभेदाराची दोरी आबा कधीच सोडत नाहीत. कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. हाका घालणं, पाठलाग, फासा, अंडी-घरटी नासणं, सगळं त्यात येतं, आणि हे कलम त्यांना सोसायटीच्या वकिलापेक्षा पक्कं पाठ आहे. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, "आबा, आता तुमचं कधी सुटणार?" आबा भडकले. "नको सुटायला! सुटलं की हे सगळे येतील. वाऱ्याकडं पाठ करून उभे राहणारे."

मला वाटतं, यात तत्त्वापेक्षा कारागिराचा अभिमान जास्त आहे. तशी बंदुकीकडून पक्षिप्रेमाकडे जाणारी वाट जुनीच आहे. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि तिची ओळख विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तिथून त्यांचं सगळं सुरू झालं. आबा त्या वाटेवर मधेच कुठेतरी तळ ठोकून बसलेत.

पेंट शॉपचा वास ओसरला. भिंतीच्या कोपऱ्याशी सुभेदार खरोखरच थिजला. पाय उचललेला, शेपूट ताठ. आबांचा आवाज एकदम उतरला. "कॅमेरा त्याच्या नाकाच्या पुढं धर. पक्षी शोधू नको. नाकावर विश्वास ठेव." भर्रर्र करून चार तितरं उठली. आबांनी काठी खांद्याला लावली, तोंडाने "ठो" म्हटलं. मुलाच्या कॅमेऱ्यात भिंत आली. स्वच्छ, एकेक वीट मोजता येईल अशी. "डोळ्याचा आहेस," आबा म्हणाले. "थांब आता. कळप फुटलाय. थोड्या वेळानं एकमेकांना हाका मारतील, तेव्हा कळेल कोण कुठं पडलंय." आणि खरंच तसंच झालं, दुसऱ्या खेपेला मुलाला एक तितर, शेपटाकडून का होईना, मिळालं.

परतताना टपरीवर बसल्यावर शेवटचा धडा. माळावरून आलं की आधी कुत्रं तपासायचं, मग चहा. कुसळं पंजाच्या बेचक्यात आणि कानात शिरतात, आत सरकत जातात, पिकतात. मुलाने लेन्स बाजूला ठेवली, सुभेदाराचा चिखलाचा पंजा स्वच्छ ट्रॅकपँटवर घेतला आणि एका हातात वडापाव धरून दुसऱ्या हाताने कुसळं उपटू लागला. तिसऱ्या पंजाला सुभेदाराने मान वळवून तो वडापाव अलगद काढून घेतला. पाव चेपला नाही, चटणी सांडली नाही, कागदसुद्धा फाटला नाही. तो तसाच तोंडात धरून आबांकडे बघत बसला.

"बघितलं का? एक दात लागलेला नाही," आबा उभे राहिले. "दे. सुभेदार, दे!" त्यांनी हात पुढे केला.

सुभेदाराने कागदासकट गिळलं. आबांनी टपरीवाल्याला आणखी दोन सांगितले, एक मुलाला, आणि एक परीक्षा परत घ्यायला.