४५ मिनिटांची पतपेढी

शेतकऱ्याला कर्ज देताना सातबारा बघायचा, नोकरदाराला देताना पगाराची स्लिप बघायची. पोराला मोबाइल देताना काय बघायचं, हे मात्र बँकेच्या एकाही परिपत्रकात लिहिलेलं नाही. मी सांगलीत एका बँकेच्या कर्ज विभागात आहे. समोरचा माणूस हप्ते बुडवणार की नाही, हे तो खुर्चीत कसा टेकतो यावरून मी सांगते, असा शाखेत माझा लौकिक आहे. घरी सातवीतला खातेदार ‘आई, फक्त दोन मिनिटं’ म्हणतो आणि हा सगळा लौकिक सोफ्याखाली जातो.

म्हणून यंदा १ एप्रिलला, नव्या आर्थिक वर्षाच्या मुहूर्तावर, मी घरात मिनिटांची पतपेढी काढली. खातेदार दोन: थोरला, सातवी, धाकटी, चौथी. जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून पासबुकं केली. रोज सकाळी प्रत्येकी ४५ मिनिटं जमा, खेळलेली मिनिटं नावे, उरलेली शिल्लक पुढे. दोघांनी एक प्रश्न न विचारता सह्या ठोकल्या. इतक्या आनंदाने सही करणारा कर्जदार दिसला की बँकेत मी फाइल बाजूला ठेवते.

घोळ मोजमापातच निघाला. थोरला खेळतो बीजीएमआय, ज्याला आमच्या गल्लीत अजून पबजीच म्हणतात. सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद केला तेव्हा इमारतीतल्या आयांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. २०२१ मध्ये तो नाव बदलून आला, २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, २०२३ मध्ये पुन्हा उगवला. आमच्याकडे असा खातेदार आला तर केवायसी पहिल्यापासून करतात. तर या खेळात शंभर जण विमानातून उड्या टाकतात आणि शेवटी जो उरेल तो जिंकतो. एक डाव अर्ध्या तासाचा सहज होतो. चौघांचा गट असतो आणि डाव मध्येच थांबवायचं बटण नसतं. म्हणजे ४५ मिनिटांत एक डाव पुरा आणि दुसरा ऐन रंगात. माझा गजर वाजायचा तेव्हा थोरला गवतात पालथा पडलेला असायचा आणि कुजबुजायचा, “आई, मी आत्ता उठलो तर तिघं मरतील.” त्या तिघांतला एक वरच्या मजल्यावरचा, एक माधवनगरचा, आणि तिसऱ्याच्या घरातून त्याच क्षणी दुसऱ्या कुठल्या तरी आईचा आवाज येत असायचा, “बंद करतोस का येऊ?”

पालक-सभेत ‘मुलं ऐकतच नाहीत’ म्हणून जे गळे काढले जातात, त्यातला निम्मा गळा या गजराचा आहे, असं माझं मत झालंय. गल्लीत शेवटची ओव्हर चालू असताना कोणी जेवायला हाक मारली तर आपण तरी कुठे गेलो होतो? मिनिटं मोजायची आपल्या घड्याळाने आणि खेळायचं त्यांच्या घड्याळाने, हा हिशेब जुळणार कसा? मी नियम दुरुस्त केला. मिनिटं बंद, रोज एक डाव, डाव संपला की मोबाइल जागेवर.

दोन दिवस शांततेत गेले. मग माझ्या लक्षात आलं की पूर्वी बंदुका परजत रस्त्यावर धावणारा आमचा वीर आता कुठल्या तरी ओसाड घराच्या न्हाणीघरात कडी लावल्यासारखा दडून बसतोय. बाहेर शंभरातले नव्वद एकमेकांना संपवतायत आणि हा आत भिंतीकडे बघतोय. “जिंकायचं नाही का रे?” विचारलं, तर म्हणाला, “जिंकायचं नाही, टिकायचंय.” मुदत वाढवून घेण्यासाठी कर्जदार काय काय करतात, हे मी आयुष्यभर बघत आले आहे, पण न्हाणीघर नवं होतं. मिनिटं परत आणली. फक्त चालू डाव पुरा करायला ओव्हरड्राफ्टची सोय दिली. दुसऱ्या दिवशी तेवढी मिनिटं कापून जायची.

धाकटीचा मामला वेगळा. ती माइनक्राफ्टवाली. ठोकळ्यांची घरं बांधते, मेंढ्या पाळते, दुधाला गाय ठेवते. मला आधी कौतुक वाटलं. तासगावकडची आमची माणसं करतात तेच, फक्त पाऊस वेळेवर. तर ती म्हणाली, “आई, सूर्य मावळला की बंद करते.” मी म्हटलं, किती समंजस! त्या जगात आख्खा दिवस-रात्र २० मिनिटांत उरकतो आणि पलंगावर आडवं झालं की रात्र गुंडाळली जाते, हे मला कोण सांगणार? रात्री साडेनऊला मी ओरडले, “आता झोप!” आतून आवाज आला, “झोपले. सकाळपण झाली.”

पण ती धोरणी. गाई-मेंढ्यांची सोय लावली की मोबाइल ठेवून द्यायची आणि तिच्या पासबुकात शिल्लक साठत जायची. उलट थोरला कायम उणे. आणि जिथे एकाकडे शिल्लक आणि दुसऱ्याकडे टंचाई असते तिथे जे होतं, ते आमच्या माजघरात झालं. धाकटी दादाला दहा मिनिटं द्यायची आणि दुसऱ्या दिवशी बारा वळती करून घ्यायची. मला पत्ता लागला तो पासबुकाच्या मागच्या पानावर ‘व्याज’ हा शब्द जोडाक्षराची चूक न करता लिहिलेला दिसला तेव्हा. मी तिला समोर बसवून सांगितलं, की हे असं दिवसाला वीस टक्के चालत नाही. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे आणि सावकारीला परवाना लागतो. ती शांतपणे म्हणाली, “किती मिनिटं पडतात परवान्याला?”

एवढं होऊन थोरल्याची भूक भागतच होती, म्हणजे पैसा हिशेबाबाहेरून येत होता. शोध घेतला तर उगम अण्णांपाशी. अण्णा म्हणजे माझे सासरे, निवृत्त शिक्षक. त्यांचा फोन माझ्या पतपेढीच्या कार्यक्षेत्रात येत नाही. नातू त्यांचं विजेचं बिल भरतो, पेन्शनचा हयातीचा दाखला ऑनलाइन काढून देतो, आणि त्या बदल्यात अण्णांच्या खोलीचं दार संध्याकाळी ओढून घेतलं जातं. नवऱ्याकडे तक्रार नेली तर तो फितूर निघाला. त्याचं बालपण कॉन्ट्रा आणि मुस्तफा या व्हिडिओ गेमवर पोसलेलं. पॅन नंबर विचारला तर कपाट उपसतो, पण कॉन्ट्रामध्ये तीस जीव मिळवायची युक्ती, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, भाजी निवडतानाही घडाघडा म्हणतो. “आम्हीपण खेळलोच की,” म्हणाला. अरे, पण तुमच्या पार्लरमधला काका नाणं संपलं की कॉलर धरून बाहेर काढायचा! तो काका आता राहिला नाही, त्याची नोकरी माझ्या गळ्यात पडली आहे, तीही बिनपगारी.

मोठमोठ्या सत्तांचंही याबाबत एकमत नाही, हे बघून मला जरा धीर आला. बीजीएमआय २०२३ मध्ये परतला तेव्हा १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घालून. मर्यादा! आमच्या हिशेबाने ती चार दिवसांची ठेव झाली. चीनने २०२१ मध्ये पोरांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच ऑनलाइन खेळ ठेवला. हे मी जेवताना ऐकवलं, तर थोरला म्हणाला, “चिनी माल घरात आणायचा नाही असं अण्णाच म्हणतात.” अण्णांनी मान डोलावली.

मग आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण काढलं. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले मोबाइल, टीव्ही बंद. मुलं अभ्यासाला बसतात. इतकी साधी कल्पना, की मी ती आमच्या इमारतीच्या मीटिंगमध्ये मांडलीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्यांचेही टीव्ही बंद, हे कलम वाचून दाखवल्यावर टाळ्या थांबल्या. सात ते साडेआठ म्हणजे किती मालिका, याची यादी तळमजल्यावरच्या काकूंनी तोंडपाठ म्हटली. भोंग्याचा विषय पार्किंगच्या विषयाखाली ढकलला गेला आणि पार्किंगचा विषय आमच्याकडे कधी संपत नाही.

ऑगस्ट उजाडेपर्यंत थोरल्याची थकबाकी इतकी फुगली, की रोजची ४५ मिनिटं नुसत्या व्याजात जाऊ लागली. ९० दिवस वसुली नाही म्हणजे खातं एनपीए, हा आमचा नियम. मी पुनर्गठनाचा प्रस्ताव ठेवला, हप्ते पाडून दिले, लोकअदालतीचीही तयारी दाखवली. तो फक्त म्हणाला, “गणपतीपर्यंत थांब.” हे उत्तर मी ओळखायला हवं तितकं ओळखीचं होतं. २००८, २०१७, २०१९. प्रत्येक कर्जमाफीच्या आधी काउंटरवर हेच ऐकलंय.

आणि तसंच झालं. चतुर्थीला आरती झाली, मोदक वाढले आणि पाटावरून अण्णांनी घोषणा केली, “आज शुभ दिवस आहे. पोराचं सगळं कर्ज माफ.” नवऱ्याने टाळी वाजवली. थोरल्याने वाकून नमस्कार केला. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले, की अशाने नियमित फेडणाऱ्यांनी काय पाप केलंय, निदान २०१९ च्या योजनेत त्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन तरी दिलं होतं. एवढं धाकटीला पुरलं. ती पासबुक घेऊन आली.

“अण्णा, दादाकडे माझी २१० मिनिटं आहेत. माफ तुम्ही केलीत. बँकांना सरकार भरून देतं ना, आई?”

मी म्हटलं, “देतं. तिजोरीतून.”

“अण्णांची तिजोरी कुठली?”

घरात सगळ्यांची नजर टीव्हीकडे गेली. अण्णा रात्री ९ ते १० बातम्यांची चर्चा बघतात. चार पाहुणे एकदम ओरडतात आणि अण्णा पाचवे. त्या तासाची जप्ती झाली. पहिल्या रात्री धाकटीने त्या वेळात शांतपणे कार्टून लावलं. अण्णा खोलीत येरझाऱ्या घालत होते, निवडणुकीचे निकाल होते. शेवटी सव्वानऊला ते बाहेर आले आणि नातीशेजारी बसून हळूच काहीतरी बोलले. तिने पासबुक उघडलं, दहा मिनिटं दिली, समोर बारा लिहिली, आणि जामीनदार म्हणून थोरल्याची सही घेतली.